इंजिनाचे 'पाणी': एका शब्दाचा अर्थविचार

गाडीचे 'ऑइल-पाणी पाहणे' हा मराठीत रूढ झालेला वाक्प्रयोग आहे. शहापूर व मुरबाड या तालुक्यांत तर त्याची गरज पावलोपावली पडते. एका बाजूस कसाऱ्याचा घाट, दुसऱ्या बाजूस माळशेजचा, आणि चढणीवर इंजिन तापावयाचेच. परंतु या प्रयोगातील 'पाणी' प्रत्येक इंजिनात एकाच वस्तूचे वाचक नसते, आणि हा अर्थभेद केवळ कोशकारांच्या चिंतेचा विषय नव्हे.

शेतावरील डिझेल पंप घ्यावा. अशा पुष्कळ इंजिनांत नदीतून उपसलेल्या पाण्याचाच एक फाटा सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून फिरवून बाहेर सोडतात. तेथे 'पाणी' हा शब्द अक्षरशः खरा आहे. मोटारीच्या रेडिएटरमध्ये मात्र तेच द्रव बंदिस्त राहून फिरते. ते बहुधा पाणी व एथिलीन ग्लायकॉल यांचे मिश्रण असून त्यात गंजरोधक द्रव्ये असतात. परिभाषेने त्यास 'शीतक' म्हटले, बोलीने 'कूलंट' स्वीकारले. तरीही 'पाहणे' आणि 'घालणे' या क्रियापदांपाशी 'पाणी'च टिकून राहिले. परिणामी पातळी उतरली की ओढ्याचे पाणी ओतले जाते. त्याने गंजरोधक विरळ होतो, क्षार साचतात, आणि गळती कोठे आहे हा मूळ प्रश्न झाकला जातो.

काळू-भातसेचे पाणी उल्हास नदीतून ज्या वसईच्या खाडीला पोहोचते, त्या किनाऱ्यावरील इंजिनाच्या होड्यांत या दोन्ही व्यवस्था एकत्र भेटू शकतात. आतल्या बंदिस्त मार्गात शीतक, बाहेरच्या मार्गात समुद्रातून ओढलेले खारे पाणी. मध्ये नळ्यांची भिंत, जीमधून उष्णता जाते, द्रव जात नाही. तेव्हा येथे 'पाणी पाहणे' या दोन निराळ्या क्रिया होत. खारे पाणी बाहेर पडते आहे की नाही एवढेच पाहावयाचे. त्यात भर घालण्याचा प्रश्नच नसतो. धार मंदावली तर जाळी तुंबली असेल अथवा पंपातील रबरी चक्र झिजले असेल. शीतकाची पातळी मात्र इंजिन गार असताना पाहून उत्पादकाने सांगितलेल्या मिश्रणानेच भरावी. बाहेर गळती न दिसता ती वारंवार उतरू लागली, तर नळीला छिद्र पडून शीतक समुद्रात जात असल्याचा संशय घ्यावा. वंगणतेल दुधट झाले असेल, तर पाणी वा शीतक तेलात शिरले आहे.

गार असण्याची अट औपचारिक नाही. झाकणामुळे आत सुमारे एक वातावरणाइतका अधिक दाब राहतो व पाण्याचा उत्कलनबिंदू १०० अंशांवरून सुमारे १२० अंशांवर जातो. तापलेले झाकण उघडताच दाब उतरतो, आतील द्रव एकदम उकळते आणि हातातोंडावर उसळते.

इंग्रजीत आतल्या मार्गास 'गोड्या पाण्याचा' म्हणण्याची रीत आहे. किनारपट्टीच्या मराठीत 'गोडे' आणि 'खारे' ही जोडी पूर्वापार सिद्ध असल्याने तेच भाषांतर करण्याचा मोह होईल. तो आवरावा हे बरे; कारण मराठीत गोडे पाणी म्हणजे पिण्याजोगे पाणी, आणि एथिलीन ग्लायकॉल चवीला खरोखरच गोड असून विषारी आहे.