खर्च मोठा, पण खेळ?

२०२४ या वर्षातला एक दिवस गेम खेळणाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे: ६ सप्टेंबर. त्या दिवशी सोनी कंपनीचा एक गेम बाजारात आला आणि दुसरा बंद झाला.

बंद झाला तो 'कॉन्कॉर्ड'. अनेक वर्षं खपून, भरपूर पैसा ओतून बनवलेला हा ऑनलाइन नेमबाजीचा गेम २३ ऑगस्टला आला आणि दोन आठवड्यांत गुंडाळला गेला. दिसायला देखणा होता. पण त्याच धाटणीचे गेम फुकट मिळत असताना हा विकत का घ्यायचा, हे फारसं कुणाला पटलं नाही. सोनीने पैसे परत केले. मात्र सर्व्हरच बंद, त्यामुळे डिस्क जवळ असली तरी खेळता येत नाही.

आला तो 'ॲस्ट्रो बॉट'. टोकियोतल्या साठेक जणांच्या टीम असोबीने तो बनवला. एवढासा रोबो, पण प्रत्येक टप्प्यावर नवी गंमत! डिसेंबरमध्ये 'द गेम अवॉर्ड्स'चा वर्षातील सर्वोत्तम गेमचा मान त्यालाच मिळाला. त्याच मानाच्या यादीत 'बलात्रो' हा पत्त्यांचा गेमही होता, जवळजवळ एकट्या माणसाने घडवलेला.

म्हणून मोठा खर्च वाईट असं मी म्हणणार नाही. चीनच्या 'ब्लॅक मिथ: वुकाँग'च्या तीन दिवसांत एक कोटी प्रती खपल्या. त्यातला वानरराजा त्यांच्याच जुन्या कादंबरीतला, आणि गेमभर ते प्रेम दिसतं. पडद्यावर त्याला पाहून आमची आजी, "अगंबाई, मारुतीराया!" म्हणत शेजारी येऊन बसली. उलट 'स्कल अँड बोन्स' बघा. मोठ्या बजेटच्या गेमना 'ट्रिपल ए' म्हणतात. युबिसॉफ्टच्या प्रमुखांनी याला त्याहून वरचा, चार 'ए'चा म्हटलं. २०१७ मध्ये जाहीर झालेला हा गेम २०२४ मध्ये आला. विषय समुद्री चाच्यांचा, पण आला तेव्हा शत्रूच्या जहाजावर उडी घेऊन तलवार चालवायची सोयच नव्हती!

आपल्याकडे मोठा नवा गेम पाच हजार रुपयांच्या घरात जातो. बडोद्यात काय नि इंदुरात काय, ती रक्कम आई-बाबांकडून मागताना आपल्याकडे चांगलं कारण हवं. मी तीन गोष्टी बघतो. आगाऊ नोंदणी न करता पंधरा दिवस थांबतो. लोक खेळून काय म्हणतात ते कळतं. सर्व्हर बंद पडला तरी गेम चालेल का, हे तपासतो. आणि खेळणाऱ्याच्या शेजारी बसलेल्यालाही मजा येईल का, असं स्वतःला विचारतो.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल, तर घरात रिमोटवरून भांडणंही जरा कमी होतात.