पाने किती धरायची?

आमच्या वाईच्या घरात सणाच्या स्वयंपाकाची सुरुवात एका प्रश्नाने होत असे : पाने किती? माणसे किती, असे कोणी विचारत नसे. केळीची पाने जाऊन पत्रावळी आल्या, पत्रावळी जाऊन स्टीलची ताटे आली, तरी मोजणी पानांचीच राहिली. या शब्दात काय दडले आहे हे मला फार उशिरा कळले, आणि कळले तेही भाऊबिजेच्या पंक्तीत श्रीखंड कमी पडल्यावर.

गेली काही वर्षे मी घरगुती हिशेबाच्या आणि सामानाच्या वह्या जमवते आहे. माझे या विषयातले शिक्षण काहीही नाही. वाचता वाचता जे उमगले तेवढेच. छापील पाकपुस्तकांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे, लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० चे. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघर नेले. पण ही पुस्तके पदार्थ कसा करावा ते सांगतात. चाळीस माणसे जेवायला असताना कोणते पदार्थ करावेत, कोणते मुळीच करू नयेत, आणि कोणता आधी करून ठेवावा, हे ज्ञान वह्यांत असते, किंवा कुठेच नसते.

माझ्याकडची सर्वांत तपशीलवार वही आमच्या थोरल्या काकूंची. लाल कापडी बांधणी, खतावणीसारखी उभी. डाव्या पानावर सामान, उजव्या पानावर बेत, तळाशी एक शब्दाचा शेरा : ‘पुरले’, ‘उरले’ किंवा ‘कमी’. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने आली आणि १९६२ पर्यंत ती बाजारात सक्तीची झाली, तरी काकूंच्या वहीत शेर आणि छटाक पुढेही बरीच वर्षे टिकून आहेत. त्यातही गूळ-साखर शेराच्या वजनाने, तांदूळ मात्र चिपटे-मापट्याने. वजनाचा शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. मापाचा शेर वेगळा, आणि तो गावोगाव बदलणारा. जुनी वही हाती आली आणि ‘शेर’ दिसला की आधी तो वजनाचा की मापाचा हे ठरवावे. नाहीतर भाताचा पार चुथडा होतो. हे अनुभवाचे बोल आहेत.

वही वाचताना पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की बेत गोडापासून ठरतो. एकदा गोड ठरले की बाकीचे ताट त्याच्यामागून आपोआप येते. पुरणपोळी म्हटली की कटाची आमटी आलीच, कारण डाळ शिजवलेले पाणी टाकायचे कशाला? शिवाय पुरणाच्या गोडाला ती तिखट-आंबट आमटीच तोडते. श्रीखंड म्हटले की पुरी, पुरीला बटाट्याची पिवळी सुकी भाजी, आणि चक्का टांगल्यावर खाली गळालेले पाणी कणीक भिजवायला. जिलबी असली की मठ्ठा. या जोड्या चवीच्या आहेत तशाच काटकसरीच्याही आहेत. एका पदार्थाचे उरलेले दुसऱ्यात जिरते.

आता प्रश्न असा, की चाळीस पानांना पुरणपोळी का नाही? काकूंच्या वहीत होळीला आणि गौरींना पुरणपोळी आहे, पण भाऊबिजेला एकदाही नाही. याचे उत्तर तव्यात आहे. माणशी दोन धरल्या तरी ऐंशी पोळ्या. एक पोळी लाटून, उलटून, तूप सोडून उतरवायला तीन मिनिटे धरा. एका तव्यावर चार तास झाले, दोन तव्यांवर दोन. तोवर पहिली पोळी थंड आणि करणारीचे मनगट कामातून गेलेले. श्रीखंड मात्र आदल्या रात्री तयार होऊन बसते. पुरणपोळी हा कुटुंबाचा पदार्थ आहे, श्रीखंड आणि जिलबी हे पंगतीचे. लग्नाच्या पंक्तीत पिढ्यान्‌पिढ्या काय वाढले गेले ते आठवा, म्हणजे पटेल.

खानदेशाने हा प्रश्न आणखी वेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे. तिकडे मोठ्या पंक्तीला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. बट्टी लाटावी लागत नाही. गोळे करून, शिजवून किंवा भाजून, मग तळून ठेवता येतात. तीन पदार्थांत गावजेवण उरकते, आणि कोणी नाव ठेवत नाही. आमच्याकडे डाव्या-उजव्या बाजूचे भरगच्च ताट हीच प्रतिष्ठा मानल्यामुळे ही अक्कल आम्हाला सुचली नाही, असे माझे मत आहे.

तरीही त्या डाव्या-उजव्या मांडणीत हिशेब आहेच. वर मधोमध मीठ. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे. ही तोंडी लावण्याची बाजू, चमच्याच्या मापाची. उजवीकडे भाज्या, आमटी. ही पोट भरण्याची बाजू. पाने अचानक वाढली तर डावी बाजू ताणता येत नाही असे वाटते, पण उलट तीच ताणता येते. काकडीच्या कोशिंबिरीत दाण्याचे कूट आणि आणखी एक काकडी घातली की आठ पाने वाढतात. आमटीतही पाणी ओतता येते, पण ते लगेच कळते. न ताणता येणारा पदार्थ एकच : गोड. म्हणून गोडाचा हिशेब चुकला की सगळा बेत चुकला.

दुसरा हिशेब कढईचा. काकूंनी एका ठिकाणी ‘कढई एकच’ असे लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. पुऱ्या गरम हव्यात, भजी गरम हवीत, पापड-कुरडया कुरकुरीत हव्यात, आणि तिन्ही तळणाचे. तिन्ही बेतात घेतले की पंगत बसल्यावर कढईपाशी रांग लागते. त्यांनी त्यापुढे पुरीच्या दिवशी भजी घेतलेली नाहीत. शिवाय भाऊबीज म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया. चार-पाच दिवस चकल्या, शेव, करंज्या खाऊन सगळे तळणाला कंटाळलेले. या दिवशी काकूंच्या बेतात मुळ्याची कोशिंबीर आणि मेथीची भाजी हटकून असते. त्या दिवसांत बाजारात दोन्ही कोवळे येतात आणि फराळाने जड झालेल्या पोटाला तेच बरे वाटते.

तिसरी गोष्ट पाकपुस्तके सहसा सांगत नाहीत. चार माणसांचे प्रमाण दहाने गुणले की चाळीस माणसांचे होत नाही. मोठ्या पातेल्यात भाताचा पृष्ठभाग त्याच्या आकारमानाच्या मानाने लहान असतो, त्यामुळे वाफ कमी उडते. पाणी त्याच पटीने घातले तर भात गिचका होतो. फोडणीचे तेल आणि तिखटही पटीने वाढवायचे नसते. मीठ दोन टप्प्यांत घालावे, अर्धे आधी आणि उरलेले चव बघून.

आता प्रमाणे. खाली दिलेली काकूंच्या वहीवरून आणि माझ्या अनुभवावरून आहेत. दोन्ही भात मिळून माणशी ७५ ग्रॅम तांदूळ, म्हणजे चाळीस पानांना तीन किलो. सुक्या भाजीला बटाटे चार किलो. पुऱ्यांना कणीक चार किलो. श्रीखंडाला म्हशीचे पाच लिटर दूध विरजले की साधारण दोन किलो चक्का निघतो, आणि त्यात तेवढीच साखर हा जुना हिशेब. आता इतके गोड कोणाला सोसत नाही. मी साखर पाऊणपट घेते आणि चक्का तेवढाच वाढवते.

इथवर सगळे ठीक होते. काकूंना जिने चढणे जमेनासे झाले तेव्हा बेत आखायचे काम माझ्याकडे आले, कारण वही माझ्याकडे होती. भाऊबिजेला भावाने बहिणीकडे जायचे असते. पण आमच्याकडे सोयीसाठी बहिणीच माहेरी येतात आणि सुना आपापल्या भावांकडे दुसऱ्या दिवशी जातात. मी काकूंजवळ बसून विचारले, “काकू, पाने किती धरू?” त्यांनी बोटांवर मोजले. भाऊ, बहिणी, जावई, मुले, नातवंडे. “अडतीस धर.” मी अडतीस धरली. वहीत १९७४ च्या भाऊबिजेला ३६ पाने, दोन किलो चक्का, दोन किलो साखर आणि खाली ‘पुरले’ असा शेरा होता. त्या हिशेबाने माणशी शंभर-एकशे दहा ग्रॅम श्रीखंड येते. तेवढेच धरून मी तयारी केली.

त्या वर्षी आम्ही ठरवले होते की पंक्ती दोन करायच्या नाहीत, सगळ्यांनी एकदम बसायचे. सतरंज्या अंथरल्या, ताटे मांडली, आणि ताटे त्रेचाळीस झाली. पुऱ्या, भाजी, भात पुरले. श्रीखंडाचे पातेले मात्र तीन-चार ताटे राहिली असतानाच खडखडले. थोरल्या वहिनींच्या ताटाशी आले तेव्हा त्या म्हणाल्या, “मला नको वन्सं, मला हल्ली साखर सोसत नाही.” वहिनींना मधुमेह नाही. चकलीबरोबर चहात दोन चमचे साखर घालून पिताना मी त्यांना सकाळीच पाहिले होते.

रात्री मी वही घेऊन बसले. काकूंच्या वहीत शेवटच्या पानांवर पाडवा आणि भाऊबीज या दोन्ही दिवसांच्या ओवाळणीच्या याद्या आहेत : कोणी कोणाला ओवाळले, काय मिळाले. पाडव्याला बायका नवऱ्यांना ओवाळतात, तेव्हा सुनांची नावे त्यात असणारच. १९७४ च्या दोन्ही याद्या, वर मुलेबाळे आणि पाहुणे असे मिळून घरात त्या दिवशी बेचाळीस माणसे भरली. पाने छत्तीस. उरलेल्या सहांची नावे माझ्यासमोर होती. सहाही सुना, आणि त्यात एक काकू स्वतः.

दुसऱ्या दिवशी काकूंना विचारले. त्यांना प्रश्नच कळला नाही. “अगं, आम्ही कुठे स्वतःला पानात धरायचो?” मग तुम्ही काय खायचा? “उरेल ते. पातेल्याला श्रीखंड लागलेलं असायचं, त्यात दूध घालून प्यायचो. छान लागायचं.” आणि वहीतले ‘पुरले’ म्हणजे? “म्हणजे पाहुण्यांना पुरलं.”

म्हणजे काकूंचा अडतीसचा आकडा चुकलेला नव्हता. त्यांनी पाने मोजली होती, आणि मी माणसे समजले. मग मी माझ्याकडच्या इतर वह्याही पुन्हा चाळल्या. जिथे जिथे माणसांची नावे सापडली तिथे बहुधा हेच : पाने कमी, माणसे जास्त, आणि फरक स्वयंपाकघरातल्या बायकांचा. कुठे पाण्याच्या गड्याचा किंवा भांडी घासणारीचाही. पंक्तीत कोण बसते आणि कोण बसत नाही, कोणाला ओसरीवर वाढतात, हे जातीनेही ठरत होते. त्या माणसांची तर वहीत नोंदच नसते. जुन्या वहीवरून बेत आखणाऱ्याने म्हणून प्रमाणे जरूर घ्यावीत, पण पानांचा आकडा उचलू नये. तो नव्याने मोजावा, आणि मोजणी ओसरीपासून नाही, चुलीपासून सुरू करावी.

यंदा मी तसेच करणार आहे. पहिले नाव काकूंचे, मग तिन्ही वहिनी, मग भांडी घासायला येणाऱ्या बाई आणि त्यांची मुलगी, मग मी. त्यानंतर भाऊ आणि जावई. सेहेचाळीस होतात. दूध सात लिटर सांगितले आहे. थंडीत विरजण उशिरा लागते म्हणून एक दिवस आधी. बेतात भजी नाहीत. वहिनींना आधीच विचारून ठेवले आहे, आणि त्यांनी वेलदोड्याऐवजी केशर घालायला सांगितले आहे.