‘आणि इतर हिंदी शिपाई’

इराकमधल्या बसऱ्याहून नासिरियाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहरापासून सुमारे 32 किलोमीटरवर, उघड्या रणात दगडी खांबांची लांबलचक रांग उभी आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात मेलेल्या, पण ज्यांची कबर कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही अशा 40,000 हून अधिक सैनिकांचं हे स्मारक. त्यांतले बहुसंख्य आपल्या देशातले. आज म्हसवडच्या बाजारात बसऱ्याचं नाव काढलं तर ते फार लांबचं गाव वाटेल. शंभर वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या माण-खटावच्या वाड्यावस्त्यांवर तसं वाटत नव्हतं.

या स्मारकाची एक पाटी नीट वाचून बघावी. वर पलटणीचं नाव. खाली सुभेदार, जमादार नावानिशी कोरलेले. त्यांच्याखाली एकच ओळ, ‘आणि इतर अमुक इतके हिंदी शिपाई’. हवालदार, नाईक, शिपाई सगळे त्या आकड्यात.

हे स्मारक बांधलं ते आजच्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं, म्हणजे युद्धस्मृती जपणाऱ्या आयोगानं. 1917 साली तो स्थापन झाला तेव्हा त्याचं तत्त्व साधं होतं. मेलेल्या प्रत्येकाचं नाव कुठेतरी कोरलेलं असेल, आणि त्यात हुद्दा, जात, धर्म आडवा येणार नाही. फ्रान्समध्ये हे पाळलं गेलं. न्यव्ह शापेल इथल्या 1927 च्या स्मारकावर 4,700 हून अधिक हिंदी सैनिकांची नावं आहेत. बसऱ्याचं स्मारक 1929 साली उघडलं, तिथे मात्र शिपायांच्या वाट्याला आकडा आला.

माणदेशातला माणूस पलटणीत का गेला, हे इथल्या कुणाला सांगायला नको. पर्जन्यछायेचा मुलूख, वर्षातले कित्येक महिने कोरडी पडणारी माणगंगा, आणि 1876-78 च्या दुष्काळाची आठवण. त्याच काळातला राजेवाडीचा तलाव आजही उभा आहे. मेंढरं, खिल्लार बैल, मुंबईची गिरणी, नाहीतर मिल्ट्री. शिपायाला महिना अकरा रुपये मिळत, आणि त्यावर घरचं पीठमीठ चाले.

सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर 1915 मध्ये जनरल टाउनशेंडची ही फौज कुत-अल-अमारा इथे तुर्कांच्या वेढ्यात सापडली. वेढा 147 दिवस चालला. शिधा घटत गेला, घोडे कापून खायची वेळ आली, आणि धर्म आड येत असल्यानं कित्येक हिंदी शिपायांनी ते मांस बराच काळ शिवलं नाही. उपासमारीनं आणि स्कर्व्हीनं माणसं गेली. 29 एप्रिल 1916 ला शरणागती झाली. मोठ्या अधिकाऱ्यांना बोटीतून नेलं, शिपायांना उन्हातान्हात वाळवंटातून चालवत, आणि पुढे अनेकांना रास-अल-ऐनच्या रेल्वेच्या कामाला जुंपलं. वाटेत पडला त्याची कबर कोण खणणार? बसऱ्याच्या आकड्यांत ही माणसं आहेत. 117 व्या पलटणीला 1921 साली ‘रॉयल’ हा किताब मिळाला. किताब पलटणीचा झाला, शिपायाचं नाव दगडावर आलं नाही.

एप्रिल 2021 मध्ये आयोगाच्याच समितीनं हे कबूल केलं. आशियाई आणि आफ्रिकी सैनिकांपैकी 45,000 ते 54,000 जणांची स्मृती इतरांच्या बरोबरीनं जपली गेली नाही. किमान 1,16,000 जणांची, कदाचित 3,50,000 पर्यंत माणसांची, नावानिशी दखल घेतली गेली नाही, किंवा मुळीच घेतली गेली नाही. आयोगानं माफी मागितली, ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनीही संसदेत मागितली. फार उशीर झाला, पण ते लेखी झालं हे मला मोलाचं वाटतं.

दुसऱ्या महायुद्धाची स्मारकं याबाबतीत बरी. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला इटलीत, तुकडीतले सगळे साथीदार मेलेले किंवा जखमी झालेले असताना, एकटे मशिनगनवर चालून गेले. वय 22. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर सापडलेली नाही, पण कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचं नाव आहे. 2023 साली माँतोने या इटालियन गावानं त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं.

आपल्याकडे मात्र या शिपायांबद्दल बोलताना जीभ अडखळते. कारणही आहे. आपल्याच सातारा जिल्ह्यात 9 सप्टेंबर 1942 ला वडूजच्या कचेरीवर तिरंगा लावायला गेलेले परशुराम घार्गे गोळीबारात हुतात्मा झाले. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार इथलंच. त्याच वर्षांत याच गावांतली पोरं इंग्रजांच्या पलटणीत लढत होती. स्वातंत्र्यानंतर हुतात्म्यांचे स्तंभ उभे राहिले, ते राहायलाच हवे होते. पलटणीतला माणूस ‘इंग्रजांचा शिपाई’ म्हणून बाजूला पडला. मला हे मान्य नाही. भूक, घराणं आणि शब्द पाळण्याची रीत त्याला तिकडे घेऊन गेली. त्याची आठवण ठेवल्यानं वडूजचं काहीच उणं होत नाही.

अपवाद म्हणून साताऱ्याजवळचं अपशिंगे बघावं. पहिल्या महायुद्धात या गावचे 46 जण गेले. गावानं ते विसरू दिलं नाही, आणि आज ते ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखलं जातं. तिथे घराघरात फौजी आहे.

माणच्या गावांनाही हे करता येईल, कारण आयोगाची नामावली आता इंटरनेटवर खुली आहे. बसऱ्याच्या दगडावर नसलेली शिपायांची नावं तिथे शोधता येतात. नोंदीत नंबर, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख, आणि पुष्कळदा बापाचं नाव, गाव, तालुका, ‘सातारा, मुंबई’ असा पत्ता मिळतो. गावांची नावं साहेबी कारकुनानं कानावर पडली तशी लिहिलेली असल्यानं म्हसवड, दहिवडी, कुकुडवाड वेगवेगळ्या रूपांत धुंडाळावी लागतात. दोन शिक्षक आणि नववी-दहावीची मुलं हे काम करू शकतील. पेटीच्या तळाशी पणज्याचं पदक असेल, चांदीचं म्हणून मोडीत गेलं नसेल, तर त्याची कड बघावी. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. तो नंबर नामावलीशी ताडून पाहावा. गावाचं किंवा बापाचं नाव चुकलं असेल, तर कागदपत्रांसह आयोगाला कळवून दुरुस्ती मागता येते.