शालान्त परीक्षा, ऐच्छिक
दहावीअखेर मंडळाची बाह्य परीक्षा न देता शाळेच्या अंतर्गत परीक्षेवर अकरावीत जाण्याची मुभा. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने ती २०११ पासून आपल्या उच्च माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांस दिली. मात्र पुढे मंडळ सोडू इच्छिणाऱ्यांना बाह्य परीक्षा आवश्यक होती. नांदेड व लातूर येथील पालकांना ही अट विशेष जाणवणारी होती. कारण वैद्यक व अभियांत्रिकी प्रवेशांच्या तयारीसाठी ख्यातनाम असलेली तेथील कनिष्ठ महाविद्यालये मुख्यतः राज्य मंडळाशी संलग्न आहेत. अंतर्गत परीक्षेने हुशार मुलावरील ताण हलका होई, पण ‘लातूर पॅटर्न’कडे वळण्याची वाट पंधराव्या वर्षीच अडे. २०१८ पासून बाह्य परीक्षा पुन्हा सर्वांना सक्तीची झाली.