नाच बघायलाही शिकावं लागतं

गुढीपाडवा जवळ आला की पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. जुन्नर-आंबेगावचेच नव्हे, तर लांबलांबच्या गावांचे यात्रा कमिटीवाले तिथं येतात. बोलणी होतात, सुपारी ठरते. पण वाचकहो, सुपारी देताना फडात माणसं किती, वग कोणता, हे आपण विचारतो. नाच बघावा कसा, हे कधी कुणाला विचारलंय का?

आपल्या मुलखात नाचाला तोटा नाही. पंचमीला आणि गौरीला लेकीसुना झिम्मा-फुगडी खेळतात. भीमाशंकरच्या डोंगरपट्ट्यात, कोळी-ठाकरांच्या वाड्यांवर लग्नकार्यात फेर धरला जातो. पालखीपुढं लेझीम असतंच. या नाचांत बघणारा निराळा नसतो. मनात आलं की तोही फेरात शिरतो, आणि पाय चुकला तर कुणी नाव ठेवत नाही.

तमाशाचं तसं नाही. तिथं नाच हाच धंदा, त्यावरच फडाच्या चुली पेटतात. नाचणारी समोर बसलेल्यांसाठी नाचते. म्हणून बघणारा जाणता हवा.

कान ढोलकीवर, डोळा पायावर

खेळ उभा राहिला की आधी ढोलकी-हलगीची जुगलबंदी ऐका. मग गण, मग गौळण, शेवटी वग. लावणी सुरू झाली की ढोलकीचा बोल आणि पायातले चाळ यांच्यावर ध्यान ठेवा. ढोलकीवाल्यानं बोल टाकायचा आणि बाईनं तो चाळांतून परत द्यायचा. लय वाढत जाते, तरी सम चुकत नाही. बैठकीच्या लावणीत तर बाई जागची उठतही नाही. सगळा अर्थ डोळ्यांतून आणि हातांतून सांगते. वाईच्या यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली ती अशाच कलेसाठी.

उत्तरेकडच्या कथकातही तबला आणि घुंगरांचा असाच सवालजबाब चालतो. दूर स्पेन देशात फ्लॅमेंको नावाचा नाच आहे. पायात चाळ नाहीत, पण बुटाच्या टाचांनी ताल धरतात. तिथला जाणता प्रेक्षक अवघड जागा नेमकी साधली की ‘ओले!’ म्हणून दाद देतो. युरोपातल्या बॅलेत नर्तकी पायाच्या अंगठ्यांवर तोल सांभाळते, तिथं लोक बहुतेक वेळ गप्प बसून पाहतात. देश तशी रीत. पण बघणाऱ्याला रीत असते, हे सगळीकडे सारखंच.

विठाबाईंचं गाव

नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग यांचं नाव कुणाला ठाऊक नाही? ऐन खेळात कळा आल्या, बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही त्यांची हकिगत आजही सांगितली जाते. १९९० साली राष्ट्रपतींकडून त्यांचा गौरव झाला. तरी म्हातारपण पैशाच्या ओढाताणीत गेलं. २००२ साली त्या वारल्या. आज राज्य शासन त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. चांगलंच आहे, पण शिट्ट्या वाजवणारे हजारो असून त्या बाईच्या पाठीशी किती उभे राहिले, हा हिशेब आपणच मांडायचा.

तेव्हा यंदाच्या यात्रेत एवढं करा. ठरलेले पैसे फडाला खेळ झाल्याझाल्या द्या. कलावंतांच्या उतरायची, पाण्याची, जेवणाची सोय बघा. शिट्टी मारायचीच तर सम साधल्यावर मारा. वेडंवाकडं बोलणाऱ्याला गावानंच खाली बसवा. आणि ‘तमाशा बायकांनी बघायचा नसतो’ हा जुना रिवाज मोडून घरच्या बायामाणसांना सोबत न्या, पुढं बसवा. आपल्या आईबहिणी समोर असल्या म्हणजे मंडपातली भाषा आपोआप सुधारते, आणि नाचणारीही मोकळेपणानं आपली कला दाखवते.