आबाळ ओळखण्याचें शिक्षण

मुलास मारहाण झाली तर आळी जागी होते. मुलाची आबाळ मात्र मुक्यानें होते. जखम चिघळली तरी औषध नाहीं, वजन महिनोन्‌महिने एका जागीं, सात वर्षांची मुलगी शाळा सोडून तान्ह्या भावास सांभाळीत आहे, हें रोज डोळ्यांपुढें असूनही दिसत नाहीं. पाहण्याचेंही शिक्षण लागतें.

ही जाणीव आपल्याकडे नवी नाहीं. मुलांसंबंधीं मुंबईचा कायदा १९२४ सालीं झाला. समाजकार्य शिकविणारी टाटांची संस्था १९३६ सालीं मुंबईंत निघाली. पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था १९६३ सालची. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानें जिल्ह्यास बाल कल्याण समिती दिली व जाणूनबुजून उपेक्षा करणाऱ्या पालकास तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली. पण कायदा वस्तीवर चालत जात नाहीं. जातात त्या अंगणवाडी सेविका, आशा व शिक्षक.

कोणी म्हणेल, गरिबी हीच आबाळ. तिला शिक्षण काय करणार? आमचें मत याच्या उलट आहे. कामाच्या जागीं झोळी बांधून मुलाकडे लक्ष ठेवणारी मावळांतील कातकरी माउली निष्काळजी नव्हे. उलट, माडीच्या घरांतही मूल दिवसभर कोंडलेलें असूं शकतें. अशिक्षित नजर पहिलीस दोष देते व दुसरीकडे आदरानें पाठ फिरविते. परिस्थितीपुढें हात टेकून मूल सोडावें लागलेल्या आईबापांचें कृत्य हेतुपुरस्सर मानूं नये, आणि मुलास संस्थेंत ठेवणें हा अखेरचाच उपाय समजावा, असें कायदाही सांगतो.

तेव्हां शिकवावयाचें तें हें: वजनाची नोंद वाचणें, आईस न धमकावितां विचारणें, ऐकीव व पाहिलेलें निराळें लिहिणें, रेशन, दवाखाना, शाळा यांची मदत आधीं जोडून देणें व पुन्हां जाऊन पाहणें. जीवास धोका दिसल्यास मात्र घटकाभरही न थांबतां १०९८ वर कळवावें. ताब्यांत घेतलेल्या मुलास चोवीस तासांच्या आंत समितीपुढें न्यावेंच लागतें.

वडगांव हें तालुक्याचें ठाणें. असे वर्ग येथेंच भरावे, आणि जागेचा व चहापाण्याचा भार पेठेंतील व्यापाऱ्यांनीं उचलावा. दुकानाच्या पायरीवर उपाशी बसलेलें मूल प्रथम दिसतें तें त्यांसच. वर्गांत मागच्या बांकावर तेही बसले, तर आम्हांस अधिकच संतोष होईल.