मैत्री, करुणा आणि समूहवास : रायगड किनाऱ्याच्या संदर्भात

प्रस्तावना :

रायगड जिल्ह्यातील तळा तालुक्यात, राजपुरी खाडीच्या परिसरात कुडा येथील २६ लेण्यांचा समूह आहे. त्यांतील शिलालेखांत लेखक, वैद्य, माळी, लोखंडाचा व्यापारी असे दाते आढळतात. भिक्षूंसाठी खोल्या आणि पाण्याची टाकी कोरलेली आहेत. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूंनी एके ठिकाणी वास्तव्य करावे, असा विनयाचा नियम होता. आजच्या निवासी ध्यानशिबिराचे मूळ या वर्षावासात शोधता येते. करुणेसारखी अंतरंगाची साधना एकांताऐवजी समूहात का करावी आणि तिचा न्यायाशी संबंध काय, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

समूहवासाचे प्रयोजन :

मज्झिम निकायातील चूळगोसिंग सुत्तात अनुरुद्ध, नंदिय व किंबिल हे तिघे भिक्षू दूध आणि पाणी मिसळावे तसे एकत्र राहत असल्याचे वर्णन आहे. भिक्षेहून प्रथम परतणारा आसने मांडतो, पिण्याचे पाणी ठेवतो; शेवटी येणारा झाडलोट करतो. रिकामा घडा ज्याला दिसेल तो भरतो. एकट्याला न पेलल्यास हाताच्या खुणेने दुसऱ्यास बोलावतो, परंतु मौन मोडत नाही. मैत्री येथे काया, वाचा व मन या तिन्ही अंगांनी, समक्ष आणि पाठीमागेही पाळली जाते. वर्षावासाच्या शेवटी ‘पवारणा’ होते. तीत प्रत्येक भिक्षू आपले दोष दाखवून देण्याची विनंती संघाला करतो. एकांतात मनुष्य स्वतःला सहज दयाळू समजू शकतो. घडा कोणी भरावयाचा हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही.

भावनेचा क्रम :

इसवी सनाच्या पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोष यांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या नवव्या परिच्छेदात या साधनेची सविस्तर मांडणी आहे. मैत्रीभावनेचा आरंभ स्वतःपासून होतो. नंतर प्रिय, तटस्थ व वैरी व्यक्ती येते. करुणेचा आरंभ मात्र दुःखात बुडालेल्या मनुष्यापासून होतो. करुणेचा दूरचा शत्रू हिंसा आणि जवळचा शत्रू शोक, असे बुद्धघोष म्हणतात. स्वतःच्या हानीच्या आठवणीने दाटून येणारी व्याकुळता करुणेसारखी दिसते, पण ती करुणा नव्हे. करुणा म्हणजे डोळे पाणावणे, अशी जी समजूत सर्वत्र आढळते, तिला हा भेद चांगलाच उत्तर देतो.

आधुनिक काळात सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ साली मुंबईत भारतातील पहिले विपश्यना शिबिर घेतले. पुढे इगतपुरी हे त्या परंपरेचे प्रमुख केंद्र झाले. दहा दिवसांच्या शिबिरात मैत्रीभावना दहाव्या दिवशी शिकवली जाते आणि त्यानंतर मौन सुटते. मन काहीसे निवळल्यावाचून दिलेली मैत्री शाब्दिक ठरते, हे या क्रमामागील कारण. त्रिरत्न बौद्ध महासंघाच्या शिबिरांत स्वतः, मित्र, तटस्थ, वैरी व सर्व प्राणी अशा पाच टप्प्यांनी ती केली जाते.

महाडचा प्रश्न :

रायगड जिल्ह्यात वैरी व्यक्तीचा टप्पा केवळ कल्पनेचा राहत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या अनुयायांनी प्राशन केले. वीरेश्वर मंदिरात शिरण्याचा त्यांचा बेत असल्याची अफवा उठली आणि परिषदेस आलेल्या लोकांना मारहाण झाली. प्रतिकाराची तयारी असलेल्यांना बाबासाहेबांनी आवरले. त्याच वर्षी सवर्णांनी दावा लावला. तात्पुरता मनाई हुकूम मिळाल्यावर डिसेंबरमधील सत्याग्रह स्थगित झाला, हक्क मात्र सोडला गेला नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

हे सर्व १९५६ च्या धम्मदीक्षेपूर्वीचे आहे. त्यास ध्यानसाधनेचे फलित म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. तथापि १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्मा’ या ग्रंथात बाबासाहेब करुणेवर थांबत नाहीत. करुणा मनुष्यमात्रापुरती राहते, मैत्री सर्व प्राणिमात्रांना व्यापते, असा भेद ते करतात. ज्यांच्या वाडवडिलांना पाणी नाकारले गेले, त्यांनी नाकारणाऱ्याविषयी मैत्री बाळगावी म्हणजे अन्याय विसरावा काय, अशी शंका येथे रास्तच आहे.

‘विसुद्धिमग्गा’तील मैत्रीच्या विवेचनात या शंकेचे उत्तर सापडते. साधक, त्याची प्रिय, तटस्थ व वैरी व्यक्ती असे चौघे बसले असता दरोडेखोर येऊन बळीसाठी एक जण मागतात. वैऱ्याला न्या, असे साधकाच्या मनात आले तर सीमा मोडली नाही, हे उघड आहे. परंतु ‘मला न्या, या तिघांना सोडा’ असे आले, तरीही ती मोडली नाही, असे बुद्धघोष सांगतात; कारण स्वतःचे अहित इच्छिणे हाही पक्षपातच होय. चौघांपैकी कोणालाही देण्याजोगे न मानणारे चित्तच समचित्त ठरते, आणि या चौघांत साधक स्वतःही मोजलेला आहे.